दारूची लंका आणि आपली दिवाळी



दिवाळी तीन आठवड्यांवर आली. तुमच्या गटात फराळाच्या, उटण्याच्या ऑर्डरी सुरू झाल्या असतील. आमच्या गटाच्या मागच्या बैठकीत मात्र भलताच विषय निघाला आणि त्यावर दोन तास गेले. विषय होता फटाक्यांचा.

झालं असं. गेल्या वर्षी आमच्या एका ताईंनी गटातून दहा हजार रुपये कर्ज घेतलं आणि रीतसर परवाना काढून फटाक्यांचा स्टॉल लावला. धंदा बरा झाला. कर्ज व्याजासकट वेळेवर फेडलं. त्याच दिवाळीत, पाडव्याच्या रात्री, कुणाच्या तरी अंगणातून सुटलेलं रॉकेट आमच्याच गटातल्या दुसऱ्या ताईंच्या सोयाबीनच्या गंजीवर पडलं. दीड एकराचं सोयाबीन मळणीयंत्राची वाट बघत पडलं होतं. सकाळी तिथं राख होती. रॉकेट कुणाचं, ते आजपर्यंत कळलं नाही. त्या ताईंचे हप्ते अजून मागं आहेत.

यंदा पहिल्या ताईंनी पुन्हा स्टॉलसाठी कर्ज मागितलं. दुसऱ्या ताई बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मी सही करणार नाही." झालं, गटात दोन बाजू पडल्या. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "अगं, फटाका ही आपली जुनी रीत आहे. वाडवडिलांपासून चालत आलेली रीत बंद कशी करायची?" आणि सगळ्या माझ्याकडे वळल्या. "तू इतिहास घेऊन बी.ए. केलंस ना? सांग, किती जुनी रीत आहे ती?"

मला तेव्हा सांगता आलं नाही. मग मी वाचलं. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

पुण्याच्या भांडारकर संस्थेत परशुराम कृष्ण गोडे नावाचे मोठे अभ्यासक होते. आपल्या देशातल्या आतषबाजीचा इतिहास त्यांनी जुन्या पोथ्या, बखरी, परदेशी प्रवाशांची वर्णनं धुंडाळून लिहिला. तो १९५३ साली इंग्रजीत छापून आला. फटाक्याची दारू, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण, हा शोध मूळचा चीनमधला. तिथून ती विद्या आपल्याकडे आली. १४४३ साली इराणकडच्या बादशहाचा वकील अब्दुर रझाक विजयनगरला आला होता. तिथल्या महानवमीच्या उत्सवात आतषबाजी पाहिल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे. म्हणजे शोभेची दारू आपल्या देशात पावणेसहाशे वर्षांपूर्वी होती. आजींचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

आपल्या मराठीतही तिचा उल्लेख आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात रुक्मिणी स्वयंवर लिहिलं. त्यात कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नात शोभेच्या दारूचं वर्णन येतं. महाराजांनी त्या काळातल्या थोरामोठ्यांच्या लग्नातली आतषबाजी पाहिली असणार, म्हणूनच ती देवाच्या लग्नात घातली असणार, असं मला वाटतं. पुढे १६०९ साली मलिक अंबरच्या मुलाचं लग्न झालं, त्यात नुसत्या दारूकामावर ८०,००० रुपये उडवल्याची नोंद आहे. त्या काळचे ऐंशी हजार! अख्खा परगणा त्यात जगला असता.

आता पेशव्यांच्या बखरीतली गोष्ट ऐका. बखरीत थोडा मीठमसाला असतो, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. महादजी शिंदे पुण्याला आले, तेव्हा त्यांनी सवाई माधवराव पेशव्यांना राजस्थानातल्या कोट्याची दिवाळी वर्णन करून सांगितली. तिथला राजा गावाबाहेर 'दारूची लंका' उभी करतो. ही दारू प्यायची नव्हे बरं का, उडवायची. मधे रावण, भोवती राक्षस आणि वानर, आणि दारूचाच एक मोठा मारुती. मारुतीच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडत जातो आणि लंकेतल्या घरांना आग लावतो. पेशवे हरखले. त्यांनी तसाच खेळ पुण्यात करवला. पर्वतीच्या पायथ्याशी लंका उभी राहिली, पेशव्यांनी पर्वतीवरून ती पाहिली आणि सारं पुणं बघायला लोटलं.

मैत्रिणींनो, या सगळ्या गोष्टींत मला एक सारखेपणा दिसला. विजयनगर असो, मलिक अंबरचं घर असो की पर्वती, खर्च राजाचा किंवा सरदाराचा. दारू बनवणारे आणि उडवणारे जाणते कारागीर. आणि आपल्यासारख्या लोकांचं काम एकच, जमून बघायचं. साध्या माणसानं आपल्या अंगणात, पोराच्या हाती माचिस देऊन दारू उडवायची, असं यात कुठंही नाही.

मग साध्या घरची दिवाळी कशी होती? पणती होती. वसुबारसेला गाय-वासरू होतं. लव्हाळ्याची दिवटी विणून, त्यात दिवा ठेवून गुराखी पोरं घरोघरी गाईम्हशी ओवाळत. अमावास्येला हातात पेटती चूड घेऊन पितरांना वाट दाखवायची, याला धर्मसिंधूत उल्कादान म्हटलं आहे. उजेड खूप होता. धडामधूम नव्हतं.

फटाका आपल्या अंगणात आला तो पुष्कळ नंतर, आणि त्याची वाट तामिळनाडूतल्या शिवकाशीहून येते. तो भाग आपल्यासारखाच कमी पावसाचा. १९२३ साली अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघं चुलतभाऊ कलकत्त्याला गेले आणि काडेपेट्या बनवायला शिकून आले. आधी काडेपेटी, मग फटाका. १९४० च्या सुमारास स्फोटकांच्या कायद्यात फेरबदल होऊन परवान्याचे कारखाने सुरू झाले. माल स्वस्त झाला, रेल्वेनं आणि ट्रकनं देशभर गेला आणि हळूहळू तालुक्याच्या बाजारात लवंगी, फुलबाजी, भुईचक्र मिळू लागलं. मी आजींना विचारलं, "तुमच्या लहानपणी किती फटाके असायचे?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "टिकल्यांची एक डबी. तीसुद्धा भावाला."

म्हणजे घरोघरचा फटाका फार तर आपल्या आजीच्या वयाचा आहे.

आणखी एक गोष्ट या इतिहासात दडलेली आहे. फटाके बनवतं कोण? शिवकाशीत या कामावर बायका मोठ्या संख्येनं आहेत. पूर्वी लहान मुलंही असत. १९८६ च्या कायद्यानं त्यांना या कामावर ठेवायला बंदी आली. २०१२ च्या सप्टेंबरात शिवकाशीजवळ एका कारखान्यात स्फोट होऊन चाळीसच्या आसपास माणसं गेली. इतक्या लांब जायला नको. आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेरखेडा फटाक्यांसाठीच प्रसिद्ध आहे आणि तिथंही असे अपघात झाले आहेत. पाऊस नाही, शेती पिकत नाही, म्हणून माणूस दारूत हात घालतो. म्हणून कुणी "आजच्या आज सगळं बंद करा" म्हटलं की मला त्या हातांचीही काळजी वाटते. त्यांना दुसरं काम कोण देणार, हेही त्याच वेळी विचारायला हवं.

कायदा काय म्हणतो तेही सांगते. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वाजवायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ सालीच सांगितलं. २०१८ साली न्यायालयानं दिवाळीला रात्री आठ ते दहा अशी वेळ ठरवून दिली, फटाक्यांच्या लडीवर बंदी घातली आणि बेरियमचे क्षार वापरायला मनाई केली. हिरवा रंग त्यानंच येतो. फक्त कमी धुराचे, ज्यांना हरित फटाके म्हणतात, तेवढेच चालतील असं ठरलं. ते आपल्या नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केले. त्यांचा धूर साधारण ३० टक्क्यांनी कमी असतो. बाकीचा सत्तर टक्के असतोच, दम्याच्या माणसाला तेवढाही पुरे होतो. त्याच निकालात न्यायालयानं असंही सुचवलं की ठरलेल्या एका जागी सगळ्यांनी मिळून आतषबाजी करता येईल का ते पाहावं. वाचताना मला पर्वतीचा पायथाच आठवला.

सगळ्यांनी मिळून केलं की धोका टळतो, असंही नाही. २०१६ साली केरळात परवूरच्या देवळात आतषबाजीच्या वेळी साठवलेल्या दारूचा स्फोट झाला आणि शंभराहून जास्त माणसं गेली. तेव्हा परवाना, जाणता माणूस आणि लोकांपासून भरपूर अंतर, यातलं काहीही सोडून चालणार नाही.

मी हे सगळं बैठकीत सांगितलं. माझं मत असं पडलं की अंगणातला फटाका बंद व्हावा. रीत राखायची तर जी खरंच जुनी आहे ती राखू, पणतीची, दिवटीची आणि एकत्र जमून बघण्याची. आजींनी लगेच मान डोलावली नाही. "गरिबाच्या पोराला वर्षातून एकदा तेवढीच हौस असते," त्या म्हणाल्या. त्यांचंही खरं आहे. म्हणून आम्ही ग्रामसभेपुढं विषय ठेवणार आहोत. गंजी, गोठे आणि घरांपासून लांब एक मोकळी जागा ठरवायची, एका रात्री आठ ते दहा, मोठ्या माणसांच्या हातानं, आणि शेजारी पाण्याचा टँकर उभा. पोरांनी बघायचं आणि टाळ्या वाजवायच्या.

स्टॉलच्या ताईंना गटानं कर्ज दिलं, पण पणत्या, आकाशकंदील आणि उटणं विकायला. फटाक्याइतका नफा सुटणार नाही, हे त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. म्हणून पहिले दोन महिने त्यांच्याकडून व्याज घ्यायचं नाही, असं ठरलं. त्या ठरावावर पहिली सही सोयाबीन जळालेल्या ताईंनी केली.

तुमच्या गटात या दिवाळीआधी एकदा हा विषय काढा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, तिच्या लहानपणी फटाके किती होते. काय उत्तर मिळतं ते आम्हाला नक्की कळवा.

दिवाळीच्या शुभेच्छा. नमस्कार.