ए ग्रुप, बी ग्रुप

माझ्या थोरल्या भावाने इंटर सायन्सला, म्हणजे तेव्हाच्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, ए ग्रुप घेतला तो आजीमुळे. बी ग्रुप म्हणजे जीवशास्त्र, म्हणजे बेडूक फाडणं. माळकरी घरात ते चालणार नव्हतं. गणित घेऊन तो पाटबंधारे खात्यात इंजिनिअर झाला.

कोठारी आयोगाने सुचवलेला १०+२+३ आकृतिबंध आला, १९७७ साली बारावीची पहिली परीक्षा झाली आणि इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेशाचं इंटरवरचं सगळं ओझं बारावीवर पडलं. पुढे मी भौतिकशास्त्र शिकवायला लागलो. तेव्हा इंजिनिअरिंग म्हणजे पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद अशी मोजकीच नावं. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी केली आणि गणिताच्या तुकड्या ओसंडू लागल्या. हुशार पोरं बायफोकलला, म्हणजे अकरावी-बारावीच्या व्यावसायिक विषयांत, इलेक्ट्रॉनिक्स घेत. विषय दोनशे गुणांचा, शिवाय दुसरी भाषा आणि जीवशास्त्र दोन्हींतून सुटका. मराठीचे वर्ग तिथेच ओस पडले, याचा मला अजून राग आहे. काही सावध पालक भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र असे चारही विषय घ्यायला लावत; पोरगं पार पिचून जाई. आणि आवडीने बीएस्सीला गेलेल्याला गावात एकच प्रश्न: "कुठं नंबर लागला नाही व्हय?"