बार्शी लाइट रेल्वे : पाच टनांचा हिशेब

आगगाडीच्या इतिहासात मोठ्या पुलांचा, बोगद्यांचा आणि घाटांचा गौरव पुष्कळ झाला आहे. लहान गाड्यांच्या वाट्याला मात्र बहुधा थट्टाच येते. सोलापूर, लातूर आणि मिरज या टापूत शंभर वर्षांहून अधिक काळ धावलेली बार्शी लाइट रेल्वे अशीच लोकांच्या थट्टेचा विषय होती. तिच्या संथ चालीच्या गोष्टी त्या भागात घरोघर सांगितल्या जात. परंतु या छोट्या गाडीच्या बांधणीमागे एक मोठा प्रश्न उभा होता. ज्या मुलुखात पाऊस बेभरवशाचा आणि लोकांच्या हाती पैसा थोडा, तेथे परवडेल अशी आगगाडी कशी बांधावी? या प्रश्नाचे एक अभ्यासपूर्ण उत्तर म्हणजे बार्शी लाइट होय. ते उत्तर किती पुरले आणि कोठे अपुरे पडले, हे पाहण्यासारखे आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग 1860 मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला. बार्शी ही कापसाची नामांकित पेठ; पण हा मार्ग तिला वगळून सुमारे 21 मैलांवरून गेला. जवळच्या स्थानकाला ‘बार्शी रोड’ असे नाव मिळाले, एवढेच काय ते बार्शीच्या पदरात पडले. हेच स्थानक पुढे कुर्डुवाडी म्हणून प्रसिद्धीस आले. कापसाचे गठ्ठे तेथपर्यंत बैलगाडीनेच न्यावे लागत. पंढरपूरच्या वारकऱ्यांची गतही हीच होती. दूरदूरहून आगगाडीने आलेला यात्रेकरू बार्शी रोडला उतरे आणि उरलेली सुमारे तीस मैलांची वाट पायी किंवा बैलगाडीने तुडवी.

ही अडचण एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या नजरेत भरली. 1882 मध्ये तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत आला होता. मुख्य मार्गाला जोडणाऱ्या स्वस्त, हलक्या फाट्यांचा त्याने ध्यास घेतला, बार्शीची योजना मांडली आणि पुढे कंपनीची नोकरी सोडून तो स्वतःच तिच्यामागे लागला. वाटाघाटींत कित्येक वर्षे गेली. अखेर 1895 मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. मुख्य मार्गावर दोन रुळांमधील अंतर साडेपाच फूट होते. या फाट्यावर ते अवघे अडीच फूट ठेवले होते.

केवळ रूळ जवळ आणले म्हणजे आगगाडी स्वस्त होते, असे नाही. कॅलथ्रॉपचा खरा विचार चाकावरच्या भारासंबंधी होता. गाडीचे सगळे वजन शेवटी चाकांच्या जोडीला सांधणाऱ्या आसावर येते आणि आसावरून ते रुळावर उतरते. सर्वसाधारण रेल्वेत इंजिनाच्या आसावर फार मोठा भार असतो आणि वाघिणींच्या आसावर त्या मानाने कमी. रूळ मात्र इंजिनाच्या भाराला टिकेल इतका जाड घालावा लागतो. म्हणजे दिवसातून क्षणभर वरून जाणाऱ्या इंजिनासाठी सगळ्या मार्गाच्या लोखंडाचा खर्च सोसायचा! कॅलथ्रॉपने ठरवले की इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही. इंजिनाचे वजन अधिक आसांवर वाटून द्यायचे आणि वाघिणी मात्र या मर्यादेपर्यंत पुरत्या भरायच्या. मग दर यार्डाला 30 पौंड वजनाचा हलका रूळही पुरतो, आणि त्या रुळाची सगळी ताकद कामी येते.

त्यासाठी इंग्लंडातील लीड्स येथे किटसनच्या कारखान्यात खास इंजिने बनवण्यात आली. त्यांना एकमेकांशी जोडलेली आठ चाके होती आणि मागे भार झेलणारी आणखी चार. वाघिणींच्या चौकटी पोलादी पत्र्याला दाब देऊन घडवल्या, म्हणजे वाघिणीचे स्वतःचे वजन कमी आणि मालाला जागा अधिक. लीड्सजवळच न्यूले येथे रूळ टाकून या गाड्यांची चाचणी घेण्यात आली आणि रेल्वेच्या जाणकारांना ती दाखवण्यात आली. बार्शीच्या अनुभवाचा उपयोग कॅलथ्रॉपने पुढे आपल्या देशातही केला. स्टॅफर्डशायर परगण्यात 1904 मध्ये सुरू झालेली लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातील छोटी रेल्वे त्याच्याच देखरेखीखाली उभी राहिली. हिंदुस्थानातल्या एका पेठेसाठी बांधलेल्या गाडीवरून इंग्लंडाने धडा घ्यावा, ही गोष्ट त्या काळात नवलाचीच होती.

बार्शी लाइटचा विस्तारही झाला. 1906 मध्ये बार्शी रोडहून पंढरपूरपर्यंत रूळ गेले. दुसऱ्या बाजूस बार्शीहून येडशी, तडवळे असे टप्पे घेत 1911 मध्ये मार्ग लातूरला पोहोचला. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. म्हणजे ही छोटी गाडी इंग्रजी मुलखातून निघून हैदराबाद संस्थानात शिरत होती. 1927 मध्ये पंढरपूरहून सांगोला, कवठे महांकाळ या बाजूने ती मिरजेला आली आणि एकूण मार्ग सुमारे 202 मैलांचा झाला. मिरजेस तिची गाठ पुणे-बेळगाव या मीटर गेज मार्गाशी पडली. त्यामुळे बेळगावकडील वारकऱ्याला मिरजेस गाडी बदलून थेट पंढरपूर गाठता येऊ लागले. आषाढी-कार्तिकीला या गाडीचे रूप पालटे. उतारूंचे डबे अपुरे पडत आणि मालाच्या वाघिणींतूनही माणसे दाटीवाटीने बसत. एरवी कापूस आणि धान्य वाहणारी वाघीण त्या दिवसांत टाळ-मृदंगाने दुमदुमे.

मार्ग एकेरी असल्याने समोरची गाडी स्थानकात येईपर्यंत खोळंबून राहावे लागे. पण तो खोळंबा लोक सोशीत, कारण दुसरे साधन त्याहून वाईट होते. खरी अडचण कुर्डुवाडीला होती. अडीच फुटांची वाघीण साडेपाच फुटांच्या रुळांवर चढू शकत नाही. म्हणून लातूर-बार्शीहून मुंबईस जाणारा प्रत्येक गठ्ठा तेथे हमालांच्या पाठीवरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाई. उतारूही बोचकी-मुले सांभाळत फलाट बदलत. बांधताना वाचलेला पैसा अशा रीतीने दर खेपेला थोडाथोडा परत द्यावा लागे. मोटारी आणि मालमोटारी आल्या, तसा हा तोटा अधिक जाणवू लागला. कारण मोटारीला कुर्डुवाडीस थांबण्याचे कारण नव्हते.

1954 मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. परंतु रूळ अरुंदच राहिले. ते रुंद करण्याचे काम 2000 नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने झाले. 2008 मध्ये कुर्डुवाडी ते लातूर हा सारा मार्ग रुंद झाला आणि पुढे काही वर्षांत पंढरपूर-मिरज मार्गही. जुनी गाडी उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, बाजूला ठेवून येडशीवरून जात असे. नवा मार्ग वळण घेऊन त्या जिल्ह्याच्या गावी गेला. एकेकाळी मुख्य मार्गाने बार्शीला वगळले होते. बार्शी लाइटने या गावाला वगळले. तो अन्याय दूर व्हायला शतकाच्या आसपास काळ लोटला.

या बदलाचे मोल 2016 च्या उन्हाळ्यात दिसून आले. लातूर शहर पाण्यावाचून तडफडत होते. तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली आणि 12 एप्रिलला लातुरात पोहोचली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्याही आल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर अशी त्यांची वाट होती. बार्शी लाइटच्या दोन टोकांना जोडणारी हीच ती जुनी वाट. एकेका वाघिणीत सुमारे 50 टन पाणी होते. कॅलथ्रॉपच्या चार आसांच्या वाघिणीचे वजन मालासकट 20 टनांच्या पुढे जाऊ शकत नव्हते.

म्हणून त्याचा हिशेब चुकला, असे म्हणता येणार नाही. जाड रुळांचा खर्च झेपेपर्यंत वाट पाहायची असती, तर बार्शी, लातूर आणि पंढरपूर यांना आगगाडीचे तोंड कित्येक वर्षे दिसले नसते. पाच टनांच्या मर्यादेने ती लवकर आणली. त्याच मर्यादेने पुढे तिचे हातही बांधले. लातूरला पाणी पोहोचले ते नव्या रुळांवरून. पण ते रूळ कोठून जावेत, हे त्या छोट्या गाडीने शतकापूर्वी बव्हंशी आखून ठेवले होते.