बिब्बा
बिब्बा (संस्कृत : भल्लातक) हा यवतमाळ जिल्ह्याच्या सागवानी जंगलातही आढळणारा औषधी वृक्ष. काटा रुतला, टाच भेगाळली की सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरायचा आणि पाझरलेले काळे तेल तिथे लावायचे, ही जुनी रीत. तेल कातडीवरच राहते, हा समज मात्र चुकीचा. त्यातील भिलावनॉल स्निग्ध असल्याने त्वचेत उतरते, तिथल्या प्रथिनांना चिकटते आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यावर तुटून पडते. म्हणूनच बिब्बा बहुधा लगेच नव्हे, एक-दोन दिवसांनी उततो. आयुर्वेदात तो विटेच्या चुऱ्यात घोळून शुद्ध करतात, मग भय कसले, असा आक्षेप येतो. पण घरी लावतात तो कच्चाच, आणि गोडंबी (बिब्ब्याच्या आतला गर) काढणाऱ्या बायांचे हात त्याच्या तेलानेच पोळतात. तेल लागताच साबणाने धुवावे. फोड आल्यास दवाखाना गाठावा.