अर्थ लागत नाही

अमेरिकेतून नात सुट्टीला आली की घरातल्यांसाठी बदाम आणते आणि माझ्यासाठी स्क्रॅबलचा डबा. बदाम आठ दिवसांत संपतात. स्क्रॅबल तिच्या परतीच्या विमानापर्यंत पुरतं.

पहिल्याच डावात तिने 'क्यू' आणि 'आय' हे दोन ठोकळे आडवे-उभे दोन्हीकडून जुळतील असे ठेवले आणि शांतपणे बासष्ट गुण लिहून घेतले.

"हा कुठला शब्द?"

"ची," ती म्हणाली. लिहायचं क्यू-आय आणि म्हणायचं 'ची'!

"अर्थ काय त्याचा?"

"आजोबा, अर्थ लागत नाही."

आमच्या पिढीला हे वाक्य कानाखाली बसल्यासारखं वाटतं. आम्हाला इंग्रजी आठवीत भेटलं. वहीत तीन रकाने आखायचे: शब्द, उच्चार, अर्थ. उच्चाराच्या रकान्याबद्दल मास्तरांनाच खात्री नसे, त्यामुळे सगळी भिस्त अर्थावर. अर्थ आला नाही की छडी. त्यावर तर्खडकरांची भाषांतरपाठमाला. अर्थावाचून इंग्रजी म्हणजे गुळावाचून पुरणपोळी. आणि ही पोरगी सांगते, लागतच नाही!

मग मी हट्टाला पेटून या खेळाची कुळकथा शोधून काढली.

ही कथा सुरू होते बेकारीपासून. आल्फ्रेड बट्स नावाचे एक वास्तुविशारद होते. 1929 नंतरच्या मंदीत अमेरिकेत कोणी घरं बांधीना, तेव्हा बट्ससाहेबांची नोकरी गेली. आपल्याकडे माणूस अशा वेळी पेपरात नोकरीच्या जाहिराती बघतो. हे गृहस्थ पेपरातली अक्षरं मोजू लागले. 'न्यूयॉर्क टाइम्स'चं पहिलं पान समोर घ्यायचं आणि 'ई' किती वेळा आला, 'झेड' किती वेळा, याच्या रेघा मारायच्या. घरच्यांना काय वाटलं असेल, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण त्या मोजणीवरच आजचा खेळ उभा आहे. शंभर ठोकळे, त्यांत 'ई' बारा, तर 'क्यू' आणि 'झेड' एकेकच, म्हणून त्यांना दहा-दहा गुण. 'एस' मात्र मुद्दाम चारच ठेवले, कारण शब्दाला शेपूट लावून अनेकवचन करायची सोय झाली की खेळ पोरखेळ होईल.

खुद्द बट्स स्पेलिंगमध्ये कच्चे होते. बायको पूर्वीची शिक्षिका. तिने एकदा 'क्विक्झॉटिक' हा शब्द लावून एका फटक्यात 234 गुण केले. या शब्दाचा अर्थ पवनचक्क्यांशी लढायला निघणाऱ्या डॉन किहोतेसारखा. बेकारीत अक्षरं मोजत बसलेल्या नवऱ्याच्या घरात नेमका हाच शब्द लागावा, हा योगायोग मला फार आवडला.

बट्स यांनी खेळाची नावं बदलून पाहिली, कंपन्यांकडे खेटे घातले. कोणी दाद दिली नाही. 1948 साली जेम्स ब्रुनो नावाच्या गृहस्थांनी तो उचलला आणि 'स्क्रॅबल' हे नाव दिलं. त्याचा अर्थ घाईघाईने चाचपडणं, ओरबाडणं. माझा खेळ पाहूनच ठेवल्यासारखं नाव! 1949 मध्ये त्यांनी 2,400 संच तयार केले आणि 450 डॉलर्स तोटा करून घेतला. मग 1952 च्या सुमाराला मेसीज या बड्या दुकानाच्या साहेबांनी सुट्टीत कुठेतरी हा खेळ पाहिला आणि परत येऊन ऑर्डर दिली, असं सांगतात. तिथून मागणी इतकी वाढली की ब्रुनोंना संच पुरवता येईनात.

इथवर सगळं ठीक होतं. भांडण लागलं ते 'हा शब्द आहे का?' या प्रश्नावर. घराघरात वेगळा कोश, म्हणजे वेगळं न्यायालय. शेवटी 1978 मध्ये अमेरिकेत खास या खेळाचा शब्दकोश निघाला. तिकडे ब्रिटनने चेंबर्सचा कोश प्रमाण मानला. आणि माझ्या मते अर्थाची गच्छंती तिथेच झाली. छापलं आहे ना, मग शब्द आहे. विषय संपला.

या याद्यांत काय काय राहतं म्हणून सांगू! 'ए-ए' म्हणजे हवाई बेटांवरचा खडबडीत लाव्हा. 'सी-डब्ल्यू-एम' म्हणजे वेल्समधली दरी. स्वर औषधालाही नाही. 'झेड-ए' म्हणजे पिझ्झा, पुढचं अर्धं खाऊन टाकलेला; तो आणि नातीचा तो 'ची', चिनी लोकांची प्राणशक्ती, हे दोघे अमेरिकन यादीत 2006 साली आले. आणि सध्या ज्या 'ए-आय'ने सगळ्यांची झोप उडवली आहे, तो या खेळात झाडाला उलटा लोंबकळत झोपा काढणारा एक प्राणी आहे.

आपली माणसंही तिथे आहेत. 'मोंगूज' म्हणजे आपलं मराठी मुंगूस. फकीर 'क्यू' घालून लिहिला की त्याच्या झोळीत सतरा गुण पडतात.

अर्थ खरोखरच लागत नाही, हेही सिद्ध झालेलं आहे. 2003 साली जगज्जेता झाला तो थायलंडचा खेळाडू. तिथले खेळाडू शब्द पाठ करतात, अर्थाच्या वाटेला फारसे जात नाहीत. आणि न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद मिळवलं. फ्रेंच येत नसताना! काही आठवडे यादी पाठ केली, जिंकले आणि आभार मानायला दुभाषा घेतला. 2024 मध्ये स्पॅनिशमध्येही तेच. आमच्या मास्तरांनी त्यांना बाकावर उभं केलं असतं.

एवढा अभ्यास करून मी शेवटच्या डावाला बसलो. वरून दुसऱ्या ओळीत एक 'आर' पडला होता. त्याच्या अलीकडे-पलीकडे माझे पाच ठोकळे बसवले. घेराव! इंग्रजीत सहा अक्षरं, शेवटी 'ओ'. दहा गुण.

"हा शब्द आहे?" तिने फोनवर यादी पाहिली. "आहे! म्हणजे काय पण?"

मी ठोकळे बाजूला सरकवले. 1967 मध्ये पश्चिम बंगालातल्या कारखान्यांतून हा शब्द इंग्रजी पेपरांत कसा पोचला ते सांगितलं. मग सांगितलं 1974 चं. मी कारखान्यात ज्युनिअर क्लार्क, सही घ्यायला मॅनेजरच्या खोलीत गेलो आणि बाहेर कामगारांनी कडं केलं. साहेबांबरोबर मीही नऊ तास आत. दाराशी घोषणा देणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज आमच्याच चाळीतल्या समोरच्या खोलीतल्या काकांचा. साहेबांच्या नावाने मुर्दाबाद म्हणता म्हणता त्यांनी खिडकीतून माझ्या हातात चहाचा ग्लास दिला आणि हळूच म्हणाले, "आईला निरोप धाडलाय. जेवायला थांबू नका म्हणून." पुढे कारखानाच बंद पडला. काका गावी गेले. तो ग्लास परत द्यायचा राहिला, तो अजून आपल्या फडताळात आहे.

नात बराच वेळ काही बोलली नाही. उठून फडताळापाशी गेली, ग्लास हातात घेऊन आली आणि बोर्डाशेजारी ठेवला.

"आजोबा, म्हणजे तुम्हाला त्यांनी घेराव केला होता. पास्ट टेन्स."

"हो."

तिने माझ्या शब्दाच्या शेवटी 'ई' आणि 'डी' लावले. 'डी' नेमका दुपटीच्या चौकोनावर पडला. सव्वीस गुण.