जून भेंडी

बुधवारचा बाजार. पंचवटीच्या बाजूला, गोदाघाटावर, भाजीच्या ढिगापुढे तुम्ही उकिडवे बसता, एक भेंडी उचलता आणि तिचा शेंडा मोडून पाहता. मोडत नाही, नुसता वाकतो. “मावशी, जून आहे हो.”

त्या ‘जून’चं बोट धरा. सोडू नका.

बाराव्या शतकातलं गुजरातचं पाटण. हेमचंद्राचार्य प्राकृताचं व्याकरण रचताहेत. शब्द इथे ‘जुण्ण’ आहे, आणि उदाहरणाला त्यांनी घेतलीय जुनी सुरा. ‘जीर्ण’मधल्या ईचा उ होतो, असं ते सांगतात. आपल्यालाही तसंच वाटत आलंय. पण वाट अजून मागे जाते.

पुन्हा नाशिक, इसवी सनाचं दुसरं शतक. त्रिरश्मी डोंगरात, गौतमी बलश्रीच्या लेण्यात छिन्नी वाजतेय. दगडाची भुकटी तुमच्या ओठांवर बसते. कारागीर बोलतो ‘पुत्त’, कोरतो ‘पुत’. द्वित्त कोरायची रीत नाही, बोलताना मात्र ते खणखणीत ऐकू येतं. ‘कर्ण’चा झालाय ‘कण्ण’. पुढे तो कान होईल. पंचवटीतल्या पर्णकुटीचं ‘पर्ण’ आता ‘पण्ण’ आहे. त्याचं पान होईल. र शेजारच्या ण-मध्ये विरघळलाय.

आणखी मागे, सिंधूच्या प्रदेशात, ऋग्वेद रचणाऱ्यांमध्ये. इथे भेटतो ‘जूर्ण’: झिजलेला, म्हातारा. ‘जरा’ याच घरातली, आणि ग्रीकांचा ‘गेरोन’, म्हणजे म्हातारा, तोही. पुढच्या संस्कृतात ‘जीर्ण’ रुळला, ‘जूर्ण’ मागे पडला. बोलणाऱ्यांनी मात्र तो टाकला नाही. हेमचंद्रांबद्दल मला अपार आदर आहे, तरी इथे ‘जूर्ण’च पटतो. ‘जुण्ण’मधला उ कुणाच्या जिभेने बिघडवलेला ई नव्हे, तो मुळातलाच आहे. द्वित्तापुढे तो आखडला. मराठीत द्वित्त सुटलं, ण-चा न झाला, आणि तो पुन्हा लांबला. जून! ज्या शब्दाला आपण ‘जीर्ण’चा अपभ्रंश म्हणून कमी लेखतो, त्याने वेदातला ऊ भाजीच्या ढिगापर्यंत आणलाय.

घाटावर ऊन चढलंय. मावशी रागावत नाहीत. ढीग चाळतात आणि तळातल्या चार भेंड्या तुमच्या हातावर ठेवतात.

“ह्या बघा, कोवळ्या.”

शेंडा कट्‌कन मोडतो.