एका मशीनमध्ये न मावणारं

दहा घटकांचा एक प्रोटोकॉल घ्या, प्रत्येक घटकाच्या चारच स्थिती. एवढ्याशा नमुन्यातही 10,48,576 संयोग निघतात. घटक वीस केले की आकडा 1 लाख 10 हजार कोटींच्या आसपास जातो. यातल्या किती स्थितींपर्यंत प्रणाली खरोखर पोचते, हे एकेक स्थिती, म्हणजे ‘स्टेट’, काढून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून आरंभाच्या स्टेटपासून निघायचं, तिच्यातून शक्य असलेल्या पुढच्या स्टेट काढायच्या, आधी भेटलेली सोडायची, नवी नोंदवायची. सगळी मेख या ‘आधी भेटलेली’ शब्दांत आहे. आतापर्यंतची प्रत्येक स्टेट मेमरीत असेल तरच ते ठरवता येतं.

या धंद्याची सुरुवात दोन ठिकाणी, एकमेकांना न कळत झाली. 1981 साली अमेरिकेत क्लार्क आणि इमर्सन यांनी, 1982 साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलला केय आणि सिफाकिस यांनी अशा तपासणीची, म्हणजे मॉडेल चेकिंगची, कल्पना मांडली. क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांना 2007 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. माझा जीव जडला तो ग्रेनोबलच्या परंपरेवर. युबेर गारावेल यांनी 1986 च्या सुमारास तिथे ज्याची पायाभरणी केली, तो ‘सीएडीपी’ हा साधनसंच मी पुण्यात प्रोटोकॉल तपासण्याच्या कामात वापरत असे. टर्मिनलवर कमांड द्यायची, एका साधनाचं आउटपुट दुसऱ्याला खायला घालायचं, अशी त्याची रीत.

पण मेमरी अपुरी पडते. 32 बिटच्या मशीनवर एका प्रोग्रामला 4 जीबीपलीकडचा पत्ताच लिहिता येत नाही. एका स्टेटला 64 बाइट धरले तर 6 कोटी 71 लाख स्टेट्सवर खेळ खलास, तोही सगळी मेमरी आपल्यालाच मिळाली तर. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल लॅब्सच्या होल्झमन यांनी स्टेटच्या जागी एखाद-दुसराच बिट ठेवायची युक्ती काढली. चुका शोधायला ती उत्तम, पण एखादी स्टेट चुकून ‘भेटलेली’ ठरू शकते. चूक नाहीच असं सांगायचं असेल तर मला ती कधी पुरेशी वाटली नाही.

दुसरा मार्ग मेमरी जोडण्याचा. 1997 मध्ये स्टर्न आणि डिल यांनी स्टॅनफर्डचा ‘मर्फी’ हा तपासणी-प्रोग्राम अनेक मशीनवर चालवून दाखवला. प्रत्येक स्टेटचा हॅश, म्हणजे तिच्यावरून निघणारा ठरावीक आकडा, काढायचा आणि त्यावरून तिचं मालक मशीन ठरवायचं. पत्रावरच्या पिनकोडवरून टपाल कार्यालय ठरतं तसं, कुणालाही विचारावं लागत नाही. मशीन वाढवली की वेगही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो, हे त्यांनी तीन कॅश कोहेरन्स प्रोटोकॉलवर दाखवलं. 1999 मध्ये लेर्दा आणि सिस्तो यांनी ‘स्पिन’ या दुसऱ्या साधनासाठी हीच वाट धरली.

गारावेल, मातीस्कू आणि स्मारांदाके यांनी 2001 मध्ये टोरंटोच्या परिषदेत ग्रेनोबलची आवृत्ती मांडली. 2006 मध्ये व्हिएन्नात ती ‘डिस्ट्रिब्यूटर’ आणि ‘बीसीजी_मर्ज’ या जोडीच्या रूपात आली. एका साध्या मजकूर-फाइलीत मशीनची नावं, प्रत्येकावरची डिरेक्टरी आणि तिथे लॉगिन कसं करायचं हे लिहायचं. मग एकच कमांड. ‘मॉनिटर’ हा पर्याय दिला की खिडकीत प्रत्येक मशीनने किती स्टेट्स उलगडल्या आणि किती बाकी आहेत, ते हलत्या पट्ट्यांवर दिसतं. संध्याकाळी सहकारी घरी गेले की त्यांची मशीन मोकळी होत, आणि मी ती यादीत घालत असे. सगळ्यांच्या पट्ट्या सारख्या गतीने वाढताना पाहिल्या की हॅश चांगला निवडलाय, याची खात्री पटायची.

याची किंमतही आहे. 16 मशीन असतील तर नव्याने निघालेली स्टेट दुसऱ्याच मशीनची असण्याची शक्यता सोळात पंधरा. म्हणजे बहुतेक प्रत्येक पाऊल नेटवर्कवरून. त्यामुळे एकेक न पाठवता स्टेट्सचे गठ्ठे करून पाठवावे लागतात.

मला सर्वांत सुंदर वाटतो तो याहून अवघड प्रश्न: काम संपलं हे ओळखायचं कसं? सगळी मशीन रिकामी बसलेली दिसली तरी एखादा मेसेज वाटेत असू शकतो. तो पोचला की त्यातून लाखो नव्या स्टेट्स निघू शकतात. डायकस्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये काम संपलं हे ओळखायला मशीनच्या वर्तुळातून टोकन, म्हणजे एक खुणेचा मेसेज, फिरवण्याची रीत दिली होती; ती मेसेज तत्क्षणी पोचतात असं धरून होती, वाटेतले मेसेज मोजायची सोय तिच्यात नंतर जोडली गेली. कुणालाही एका क्षणी सगळं चित्र दिसत नसताना, ‘आता काहीच उरलेलं नाही’ हे सिद्ध करता येतं! प्रोटोकॉल तपासणाऱ्या साधनाच्या पोटातच असा बारीक प्रोटोकॉल बसलेला असतो, आणि तो चुकला तर बाकीचं सगळं उत्तर फुकट.

शेवटी प्रत्येक मशीनवर स्टेट्सच्या आलेखाचा एकेक तुकडा उरतो. ‘बीसीजी_मर्ज’ स्टेट्सना नवे क्रमांक देऊन त्यांची एक फाइल करतं, मग डेडलॉक, म्हणजे जिथून पुढे जाताच येत नाही अशा स्टेट, शोधायला सुरुवात.

पुढे 64 बिट आले, एकाच मशीनमध्ये अनेक कोअर आले. 2010 मध्ये नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातल्या लार्मन, व्हान दे पोल आणि वेबर यांनी दाखवलं, की मेमरी सामाईक असेल तर स्टेट्स अशा वाटण्यापेक्षा सर्वांनी एकाच हॅश टेबलमध्ये लिहिणं वेगवान ठरतं. पण एका मशीनची मेमरी जिथे संपते, तिथे आजही मालक हॅशनेच ठरवावा लागतो.