आठ दिव्यांची माळ

आमच्या शाळेत वर्षानुवर्षे घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. शिपाई टोल देई, आणि तो एक की दोन की सलग घणघणाट, यावरून पोरे ओळखत की तास संपला, मधली सुटी झाली की शाळाच सुटली. लोखंड तेच, अर्थ ठोक्यांच्या हिशेबात. भर समुद्रातील खलाशीही काही वर्षे असाच हिशेब करून आपले ठिकाण शोधीत. त्या योजनेचे नाव ‘ओमेगा’.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे जॉन पिअर्स हे तिचे जनक मानले जातात. १०.२ किलोहर्ट्झ कंपनसंख्येची रेडिओलहर जवळजवळ तीस किलोमीटर लांब असते. जमीन आणि आकाशातील विद्युद्भारित थर यांच्या मधून ती हजारो मैल वाहत जाते. म्हणून अवघ्या पृथ्वीला आठ केंद्रे पुरली : नॉर्वे, लायबेरिया, हवाई, अमेरिकेतील नॉर्थ डकोटा, आपल्याच हिंदी महासागरातील रियुनियन बेट, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया आणि जपान. लायबेरियाचा मनोरा ४१७ मीटर उंच होता. हवाईत मात्र मनोऱ्याऐवजी एका दरीवरून आरपार तारा ताणल्या होत्या.

आता प्रश्न असा, की आठही केंद्रे एकाच कंपनसंख्येवर बोलणार, तर कोण कोणते हे कळावे कसे? उत्तर मोठे सुबक होते. दहा सेकंदांचे आठ भाग पाडले. नऊ दशांश सेकंदापासून बारा दशांशापर्यंत लांब-आखूड, आणि दोन भागांत दोन दशांश सेकंदांची शांतता. १०.२ वर पहिल्या भागात नॉर्वे, दुसऱ्यात लायबेरिया, तिसऱ्यात हवाई, असे करीत शेवटी जपान. आठ जण एका पंगतीत पाळीपाळीने बोलावेत तसे! एकदा का ठोक्यांच्या लांबीवरून पंगतीची सुरुवात सापडली, की पुढचा प्रत्येक आवाज कोणाचा ते आपोआप कळे. पाळी चुकू नये म्हणून प्रत्येक केंद्रात अणुघड्याळे होती.

ओळख पटल्यावर दोन-दोन केंद्रांच्या लहरी ताडून जहाजाची जागा काढीत. पण तेच उत्तर दर आठ सागरी मैलांनी पुन्हा येई. म्हणून आपण कितव्या पट्ट्यात आहोत, हे खलाशाला सतत मोजीत राहावे लागे. शिवाय दिवस-रात्रीबरोबर आकाशातला थर खाली-वर होई, आणि त्याची दुरुस्ती कोष्टकांतून करावी लागे. एवढे करूनही एक-दोन ते चार मैलांची चूक राहायचीच.

सर्वांनीच या दिव्याचे स्वागत केले नाही. १९६८ साली न्यूझीलंडमध्ये लोकांनी निदर्शने केली. अण्वस्त्रवाहू पाणबुड्या हीच लहर वापरतील आणि युद्ध पेटले तर पहिला घाव आपल्या अंगणात पडेल, अशी त्यांना भीती होती. ऑस्ट्रेलियातही तोच वाद झाला. ही भीती पोकळ नव्हती. वाट दाखवणारा दिवा कोणाच्या गलबताला वाट दाखवतो, हे विचारण्याचा हक्क ज्याच्या दारात तो लागतो त्याला असतोच. पण दुसरी बाजूही आहे. ही माळ सात देशांच्या हातांनी पेटती राहिली. एकाने पाळी चुकवली असती, तर पंगतीत तेवढी जागा रिकामी राहिली असती.

पुढे उपग्रह आले आणि काही मीटरांपर्यंत अचूक ठिकाण सांगू लागले. ३० सप्टेंबर १९९७ रोजी ओमेगा कायमची बंद झाली. लायबेरियाचा मनोरा २०११ साली पाडला, ऑस्ट्रेलियाचा २०१५ साली. नवे साधन उत्तम, यात शंका नाही. पण उपग्रहांचा आवाज फार क्षीण असतो आणि तो जवळच्या एखाद्या यंत्राने दडपता येतो. तेव्हा जुनी वाट पुरती मोडावी की नाही, हा प्रश्न उरतोच.

आमच्या शाळेत आता विजेची घंटा आहे. शिपायाने मात्र रुळाचा तुकडा मोडीत घातलेला नाही. वीज गेली, की पोरे त्याच टोलाकडे कान लावून बसतात.